खुशालरावांच्या खात्यातला नकार

१

नकार खुशालरावांच्या घरून गेला होता, आणि खुशालरावांच्या घरातल्या कोणीही तो पाठवला नव्हता.

यात कसलं आलंय रहस्य, असं ज्यांना वाटेल त्यांनी ते साल पाहिलेलं नाही. गुलाबी बोंडअळीचं साल. उभ्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडं आतून पोकळ. अळ्या अशा माजल्या होत्या की धामणगाव रेल्वेच्या रस्त्यावर एका अळीला वाट द्यायला एसटी थांबलेली मी पाहिली; कंडक्टरनं बेलही मारली होती. हे कोणी मानत नाही, जाऊ द्या. पण दुसरं सगळेच मानतील: त्या साली शेती करणाऱ्या पोराला बायको मिळणं हे शेतात पीक येण्यापेक्षा कठीण झालं होतं.

खुशालरावांचा विपुल चौतिशीचा. शिकलेला, निर्व्यसनी, झुपकेदार मिशीचा. स्थळं येत, चहा घेत, 'पोरगा काय करते?' विचारत, आणि 'शेती' ऐकलं की कपात अर्धा चहा ठेवून उठत. त्या घरच्या मांजरीला चहाचं व्यसन लागलं ते त्यामुळे.

मग 'सोयरीक'वर अकोल्याची रागिणी भेटली. 'सोयरीक' म्हणजे अमरावतीहून चालणारं, लग्नं जुळवणारं संकेतस्थळ. रागिणी एका दवाखान्यात नर्स. आपल्या माहितीत तिनं स्वतः लिहिलं होतं, 'शेतकरी चालेल.' भाऊ, काका, मामा सगळे आडवे आले. ती हटली नाही. दोन्ही घरं एकमेकांकडे जाऊन आली. तिचा भाऊ शब्दाला पक्का आणि दुसऱ्याच्या शब्दाला संशयी. तो म्हणाला, आमचं उत्तर 'सोयरीक'वरच देऊ, म्हणजे मागून कोणी फिरवाफिरवी करायला नको.

त्यांचा होकार आला. आणि खुशालरावांनी तो वाचण्याआधीच, त्यांच्याच खात्यातून, अकोल्याला उत्तर गेलं:

'तुमची लेक गुणाची आहे. पण योग दिसत नाही. तिला चांगलं घर मिळो. मनाला लावून घेऊ नये.'

विपुलनं फोन केला तर भाऊ म्हणाला, "तुमच्या नावानं आलं, तुमच्या खात्यातून आलं. आमची पोट्टी घरात समद्यायशी भांडून तुमाले हो म्हने, अन् तुमी आशीर्वाद देऊन रिकामे! दुसरं स्थळ हाये, बाबू हाये पोरगा, सरकारी. रविवारी साक्षगंध, अंगठ्या बी घेतल्या. तुमी नाही पाठवला तर ज्यानं पाठवला तो मानूस दाखवा."

खुशालरावांनी विपुलची माहिती उघडली. फोटो विपुलचाच, मिशीसकट. नावही विपुलचंच. पण खाली कोणीतरी हात फिरवला होता.

छंद: शिवणकाम.

अपेक्षा: शेतकरी नको.

२

खुशालरावांचे साडू, आमच्याकडे साडभाऊ, म्हणजे आमचे बुधाजी जमादार. पोलिसातून निवृत्त होऊन अमरावतीत राहिलेले. चोरीला गेलेली म्हैस त्यांनी एकदा नुसत्या दह्याच्या चवीवरून शोधून काढली होती. खोटं वाटेल, पण त्या तपासातलं उरलेलं दही मी स्वतः खाल्लं आहे. त्यांची दृष्टी आता अधू, म्हणून स्कूटर मी चालवायची आणि डोकं त्यांनी, अशी आमची वाटणी.

आम्ही पोचलो तेव्हा विपुल ओट्यावर बसून होता. समोर पऱ्हाटी, तिच्यात कोणी शिरलेलं नाही.

"मावसाजी, कोनी तरी चिडवून राहिलं मले," तो म्हणाला. "माह्याच फोटोखाली शेतकरी नको! हे दुश्मनाचंच काम हाये."

"कोन हाये तुहा दुश्मन?"

विपुलनं विचार केला. "कोनी नाही. दुश्मन ठेवाले बी काही तरी असा लागते जवळ."

बुधाजींनी खुशालरावांकडे मोर्चा वळवला. "हे सारं कोनाच्या फोनवर हाये?"

"माह्या. सोयरीक बापानंच बोलाची असते ना जी. पोरानं सोताचं सोता लिवलं तर लोक म्हनतीन, बाप मेला का याचा?"

"फोन कोनी हाताळला? वहिनीनं?"

"तिले तर हॅलो म्हनाची लाज वाटते. फोन ह्या खिशात असते, रात्री उशाले. पन बुधाजी, हा फोनच बाधलेला हाये. यात कोनाकोनाचे फोटो येऊन राहिले. हे पाहा, ही बकरी कोनाची? हे बारसं कोनाचं? मी एकही काढला नाही. गावातले पोट्टे म्हनते, नेटवर्कचा दोष."

बुधाजींनी बकरी डोळ्याजवळ धरून पाहिली. दोन करडं होती. बारशातल्या बाईला त्यांनी नमस्कार केल्यासारखं केलं.

"अन् 'सोयरीक'वर जाले पासवर्ड लागते ना? तो कोनाले ठाव?"

"आधी लागत होता. मी रोज इसरत होतो. आता त्यायनं नवं बटन काढलं. फोनमधल्या मेलनं सरळ आत. दाबलं की झालं."

"मेल कोनता?"

"चांदतारा की काय, पुढं आकडे हाये. तो फोनसंगच आला होता," खुशालराव म्हणाले, "चार्जरवानी."

बुधाजी मान हलवत उठले. निघताना खुशालरावांनी हळूच त्यांचा हात धरला. "एक नाव हाये माह्या डोक्यात. मोझरीची पार्बताबाई. 'सोयरीक' आल्यापासून तिच्या दारी कोनी जात नाही. मागं भर बाजारात म्हनली होती, या मशीननं जुळवलेलं एकही लग्न मी टिकू देनार नाही."

३

पार्बताबाई गुरुकुंज मोझरीला राहायची. आश्रमात येणाऱ्या माणसांच्या गर्दीतून तिनं आयुष्यभर सोयरिकी वेचल्या. तिच्याबद्दल असं सांगत की ती चपला पाहून पोराचं कुळ ओळखायची, आणि एकदा तर तिनं दारातल्या नुसत्या दोन चपलांचं लग्न जुळवलं होतं; माणसं मागाहून सापडली.

"माह्यावर आळ आला म्हना," ती दारातच म्हणाली. "बसा. चहा नाही इचारत, दूध नाही घरात."

"बाई, बाजारात बोलल्या होत्या तुमी."

"बोलली. अजून बी बोलतो. पन बुधाजीभाऊ, लगन मोडाले मशीन कायले लागते? माह्या तोंडात जीभ हाये ना! मले मोडाचं असतं तर अकोल्याले जाऊन पोराचे मामा दारू पेते एवढं सांगितलं असतं."

"विपुलचा मामा पेते?"

"कोनाचा नाही पेत?"

बुधाजींनी मला नकार वाचायला सांगितला. मी वाचला. पार्बताबाईचा चेहरा बदलला. "पुन्हा वाचा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले होते.

"हे कोन म्हनते पोराकडच्याचं? पोराकडचे नकार देतच नाही हो. ते गप बसते. पोरीचा बाप महिना महिना फोनकडे पायत राह्यते. लयच झालं तर म्हनते, पत्रिका जुळत नाही. 'मनाले लावून घेऊ नये' हे त्यालेच सुचते ज्याच्या मनाले दहादा लागलं असते." तिनं डोळे उघडले. "हे पोरीच्या बापानं लिवलं हाये."

"खुशालरावले पोरगी नाही," मी म्हणालो.

"मंग शोधा," पार्बताबाई म्हणाली.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. बुधाजी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गाडी थांबव. एकाच दिवशी, एकाच खात्यात दोन कामं झाली. एकानं पोराची टिंगल केली, मिशीखाली शिवनकाम लिवलं. दुसऱ्यानं पोरीचं मन जपून नकार देल्ला. टवाळखोर असं नरम लिवत नाही, अन् असं नरम लिवनारा टवाळी करत नाही. मंग हा मानूस एक हाये का दोन?"

मी म्हणालो, "दोन असतीन."

"अन् ती टिंगल नसनच, तर?"

४

'सोयरीक'चं कार्यालय अमरावतीला, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. ते सगळं उभं करणारी पोरगी म्हणजे तहरीम. डोळ्यांखाली काळं, आणि समोर वाजणारा फोन. पार्बताबाईनंतर संशयाची सुई तिच्याकडेच वळत होती. खात्याच्या आत बसून काहीही बदलू शकणारी जगात तीच एक.

"आजोबा, मी कावून करीन?" ती म्हणाली. "एक लग्न जुळलं की दहा लोक येतात. मोडलं की मीच मरते."

"ते बटन तुनं लावलं?"

"हाव. लोकं रोज पासवर्ड इसरायचे. दिवसभर हाच फोन. 'बेटी, मले आत घे.' मग मी मेलवाल्या कंपनीचं बटन लावलं. फोनवर मेलचं खातं असतेच. ती कंपनी आमाले सांगते, हा मानूस तोच हाये, मी ओळखते. आमी मानतो, दार उघडतो."

"म्हंजे पोलीस पाटलाचा दाखला."

"तसंच समजा. अन् त्या मेलवर आधीचं खातं असन, तर त्यालेच जोडून देतो. नाही तर एका मानसाची दोन खाती होतात. एक मेल म्हंजे एक मानूस."

"हे कोनी ठरवलं?"

तहरीम हसली. "सारी दुनिया असंच चालते, आजोबा."

"नाव अन् फोटो कावून नाही बदलला त्यानं?"

"बदलता येतच नाही. एकदा आमी तपासून मंजूर केलं की नाव अन् फोटो पक्के. बाकीचं ज्याचं त्यानं लिवावं." बुधाजींच्या आग्रहावरून तिनं त्या दिवसाची नोंद उघडली. त्यात फोनचं मॉडेल दिसत होतं. तिची भुवई वर गेली. "खुशालकाकांचा फोन हा नव्हे. हा दुसराच फोन हाये. पन दाखला बरोबर हाये. मेल तोच. चांदतारा."

"चोरला असन त्यानं पासवर्ड?"

"बटनानं आला तो. त्याच्या फोनमधे हे खातं आधीपासून बसलेलं हाये." ती स्क्रीनकडे वाकली, आणि तिच्या आवाजातला तोरा उतरला. "आजोबा... या खात्यात आलेले फोन दोन नाहीत. लय हाये."

५

धामणगावच्या स्टेशनसमोर बाजाराच्या दिवशी जी दुकानं गजबजायची त्यांपैकी त्या साली एकच गजबजलेलं होतं: मोबाईलचं, खुशालरावांनी फोन घेतला होता तेच. पाटीवर चंद्र आणि तारा. विपुलला सोबत घेऊन आम्ही तिथं उतरलो तेव्हा शनिवार अर्धा उलटला होता.

दुकानदार मुनव्वर, गोड बोलणारा माणूस. तो समोरच्या म्हाताऱ्याला म्हणत होता, "काका, बंद करा, चालू करा. नाही झालं तर परत बंद करा."

"मुनव्वरभाई," बुधाजी म्हणाले, "नवा फोन घेतला तर त्यात मेल कोन टाकून देते?"

"मीच ना साहेब. त्याच्याबिगर फोन पुढं सरकतच नाही."

"कोनता टाकता?"

"दुकानाचा. चांदतारा." मुनव्वरनं ते अशा सहजतेनं सांगितलं की जणू आम्ही त्याला पाणी कुठलं पाजतोस विचारलं होतं. "नवा बनवा तर ते नाव मांगते, जन्मतारीख मांगते. काकाले सोताची जन्मतारीख कुठं ठाव? पोळ्याच्या आसपास, म्हनते. अन् बाहेर एसटी हॉर्न देऊन राहिली. तर मी माहावाला टाकून देतो. चहाचे पैसे बी नाही घेत त्याचे. खिदमत समजा."

"किती लोकायच्या फोनमधे हाये तुहा मेल?"

मुनव्वरनं हात पसरून रस्ता, स्टेशन, पलीकडची गावं दाखवली.

विपुल फळीवर वाकला. "म्हंजे ती बकरी..."

"बकरी कोनाची तरी खरीच हाये," बुधाजी म्हणाले. "बारसं बी. एकाच्या फोनमधला फोटो साऱ्यायच्या फोनमधे जाते. अन् 'सोयरीक'चं बटन ज्यानं ज्यानं दाबलं, तो तुह्या बापाच्या घरात शिरला; त्याले वाटलं, हे माहंच घर. तहरीमच्या हिशेबात एक मेल म्हंजे एक मानूस. याच्या हिशेबात एक मेल म्हंजे एक दुकान. दोघंही खोटं नाही बोलले."

मुनव्वरच्या चेहऱ्यावरून गोडवा पुसला गेला. "या अल्ला. मी तर..."

"आता डोकं चालव. तुह्या गिऱ्हाइकात असा बाप, ज्याच्या पोरीले शिवनकाम येते, ज्याले जावई शेतकरी नोको, अन् ज्यानं पोरगी उजवाले इतक्यात 'सोयरीक' उघडली. टिंगल नव्हती ती. त्यानं आपल्या पोरीचं खरं खरं लिवलं. नाव, फोटो बदलत नव्हते, म्हून मिशी तशीच राहिली."

मुनव्वर खालीच पाहत होता. मग सावकाश बोलला. "नत्थुजी. फाट्याच्या आतल्या गावचे. मैना त्यायची पोरगी, मशीन चालवते. मागं आले होते दुकानात. म्हने, मुनव्वर, माह्या पोरीच्या जागी एका मिशीवाल्या पोट्ट्याचा फोटो येते."

"मंग तू काय म्हनला?"

"बंद करा, चालू करा."

६

नत्थुजी अंगणात बाजेवर बसले होते. आत शिलाई मशीन चालू होती. अंगणाला लागूनच त्यांचं शेत सुरू व्हायचं, आणि खुशालरावांच्या शेताहून ते वेगळं ओळखायला तिथं उभं काहीच नव्हतं. दोन्हीकडे तीच पोकळ बोंडं.

"हाव, मीच लिवलं," ते लगेच म्हणाले. लपवायचं काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "अकोल्याच्या पोरीचा होकार आला माह्यात. आता मले पोरगी, त्यायले बी पोरगी. मले वाटलं, पत्ता चुकला. गप बसलो असतो. पन तिचा बाप-भाऊ वाट पायत असन ना हो? दोन साल झाले, मी पायतो. कोनी हो म्हनत नाही, नाही म्हनत नाही. म्हनलं, आपून तरी कोनाले ताटकळत ठेवू नोको. म्हून चार शबूद बरे लिवले." मग विपुलच्या मिशीवर त्यांची नजर थांबली, आणि त्यांचा खालचा ओठ लोंबला. "बाप्पा. तो तू हाये?"

विपुलनं मान हलवली. आतली मशीन थांबली.

बुधाजींनी घाईनं नत्थुजींच्याच फोनवरून अकोल्याला फोन लावला, आवाज मोठा करून बाजेवर ठेवला. भावानं उचलला. नत्थुजींनी फोनसमोर हात जोडून, जणू तो भाऊच समोर बसला आहे, सगळं सांगितलं; दोनदा माफी मागितली. पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. मग आवाज आला तो रागिणीचा.

"मी ऐकलं काका. खरं वाटते मले. असं खोटं कोनी रचू नाही शकत."

बुधाजी पुढं सरकले. "मंग बाई, उद्याचं साक्षगंध..."

"उद्याचं नाही. पाहुण्यायले सुट्टी नव्हती, म्हून आज सकाळीच झालं."

मी या तपासात पहिल्यांदाच बुधाजींचा चेहरा पाहू नये असं ठरवलं आणि बोंडांकडे पाहत राहिलो.

"विपुलजी हाये का तथी?" तिनं विचारलं.

"हाये," विपुल म्हणाला.

"मी समद्यायले सांगितलं होतं, शेतकऱ्याच्या घरी मान असते. तुमचा नकार आला त्या दिवशी सारे हसले. नकार इतका चांगला लिवला होता ना, म्हून मले तो खराच वाटला. वंगाळ लिवला असता तर मी इचाराले आली असती." मग ती म्हणाली, "आता मोडलं तर भाऊ तोंड दाखवू नाही शकत. ठेवते."

फोन बंद झाला. त्याच्या काचेवर कुणाची तरी बकरी आली.

दाखला सापडला, मार्ग सापडला, माणूस सापडला. म्हशीच्या वेळी असं झालं नव्हतं. म्हैस परत मिळाली होती. पण बुधाजी हार मानणारे नव्हेत. त्यांनी घसा खाकरला, विपुलकडे पाहिलं, मशीन थांबली होती त्या दाराकडे पाहिलं आणि नत्थुजींच्या बाजेवर टेकले.

"नत्थुजी, चूक तर झाली. पन आता देवानंच घडवलं म्हना. पोरगा तुमच्या डोळ्यापुढं हाये. निर्व्यसनी. घर चांगलं, मी सोता साडभाऊ. तुमच्या मैनासाठी..."

दारात पडदा म्हणून लावलेलं पातळ थोडं हललं.

नत्थुजींनी विपुलला नीट पाहिलं. खरंच नीट पाहिलं, पोरीच्या बापानं पाहावं तसं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मान वळवून आपलं शेत पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पोरगा गुणाचा हाये," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना बोलवेना.

विपुलच उठला. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"राहू द्या काकाजी. योग नाही म्हना," तो म्हणाला. "मले बहीन असती तर मी बी तेच लिवलं असतं."

आम्ही अंगणाबाहेर पडून फाट्याकडे निघालो.  मग मागं शिलाई मशीन पुन्हा सुरू झाली.